प्रवासातील अक्षरविनोद, अर्थात ‘मला तर रतलाम!’

आपल्या संघाच्या वार्षिक स्मरणिकेसाठी काही तरी लिहून द्यावे, अशी संपादक मंडळाची आज्ञा झाली, तेव्हा आम्ही प्रथम नम्रपणे नकारच दिला होता. आम्ही पडलो धान्याचे घाऊक व्यापारी. मॅट्रिकची परीक्षा उत्तीर्ण झालो आणि लगेच छावणीच्या धान्य मंडीत वडिलांच्या गादीवर येऊन बसलो. सरस्वतीच्या पेढीवर आमचे खाते त्यानंतर कधी उघडलेच नाही. भावताव, हमाली, वाहतूक यांवर लिहावयाचे, तर आमच्याहून जाणते सभासद ते दरवर्षी लिहीत असतात. तेव्हा सुट्टी आणि प्रवास यांविषयी लिहावे, असे सुचविण्यात आले. परंतु शिखरजी, गिरनार, श्रवणबेळगोळ येथे आपल्यांपैकी बहुतेक कुटुंबे जाऊन आलेली आहेत. त्यांस आम्ही नवे काय सांगणार?

म्हणून प्रवासातील एका करमणुकीविषयी लिहावयाचे आम्ही ठरविले. या करमणुकीस तिकीट लागत नाही, सामान लागत नाही, आणि ती आजोबांपासून नातवापर्यंत सर्वांना साधते. ती म्हणजे गावांच्या नावांतील अक्षरांची उलटापालट. विषय पोरकट वाटेल. आम्हांसही तो कित्येक वर्षे तसाच वाटत होता. गेल्या दोन वर्षांत आमच्या घरी जे घडले त्यामुळे आमचे मत पालटले. ती हकीकत पुढे यथाक्रम येईलच.

खेळाचे नियम

इंग्रजी भाषेत ही करमणूक फार जुनी आहे. तेथे प्रत्येक वर्ण सुटा असतो, कोठलाही उचलून कोठेही ठेवावा. आपल्या लिपीचे तसे नाही. आपले अक्षर म्हणजे मोहोर केलेले पोते. ‘ला’ या अक्षरातील काना सोडवून तो दुसऱ्यास देता येत नाही. ज्या पोत्याला जी मोहोर तिच्यासकटच ते उचलावे लागते. त्यामुळे आपल्याकडे हा खेळ अधिक कठीण आणि म्हणूनच अधिक गोड. एकच सूट द्यावयाची. ऱ्हस्व-दीर्घाचा फरक धरावयाचा नाही. धान्यात जशी थोडी घट मान्य करतात, तशीच ही.

मराठी शाळेत गेलेल्या प्रत्येकास ‘चिमा काय कामाची’ आणि ‘ती होडी जाडी होती’ ही वाक्ये ठाऊक असतात. उजवीकडून वाचा, डावीकडून वाचा, वाक्य तेच. यांस विलोम म्हणतात. असे वाक्य रचण्याची एक सोपी युक्ती आहे. एखादे गाव घ्यावे, त्याची अक्षरे उलट क्रमाने लिहावी, आणि त्यापुढे मूळ नाव जोडावे. विलोम आपोआप तयार होते. फक्त त्यास अर्थ लागला पाहिजे, आणि तो शंभर गावांत एखाद्यालाच लागतो. आमच्या माळव्याचे भाग्य असे, की तो येथे एकदा सोडून दोनदा लागला आहे.

पहिले गाव देवास. उलट वाचल्यास होते ‘सवा दे’. दोन्ही जोडा: ‘सवा दे, देवास!’ देवासच्या मंडीत माल विकणाऱ्याच्या मनात याहून वेगळे काय असते? दुसरे गाव रतलाम. उलट वाचल्यास ‘मला तर’. जोडा: ‘मला तर रतलाम!’ गाडीत शेजारच्याने ‘आपण कोठवर?’ असे विचारावे आणि त्यास द्यावयाचे हे बिनचूक उत्तर. हे दुसरे विलोम कोणास व कसे सापडले, तेही पुढे सांगू.

इंदूर ते कारंजा

आमच्या घराण्याचे मूळ गाव वऱ्हाडातील कारंजा. आजोबा धान्याच्या धंद्यानिमित्त इंदुरास आले आणि येथलेच झाले. अन्नपूर्णा मंदिर १९५९ साली उभे राहिले. त्यानंतर काही वर्षांनी वडिलांनी याच भागात घर बांधले. त्या काळी येथे वस्ती तुरळक होती. धान्याच्या व्यापाऱ्याने अन्नपूर्णेच्या सावलीत राहावे यापरते औचित्य कोणते, असे वडील म्हणत.

उन्हाळ्याच्या सुट्टीत कारंजाची वारी ठरलेली असे. इंदुराहून मीटरगेजची गाडी महू, पाताळपाणी, कालाकुंड करीत घाट उतरे, बडवाह सोडल्यावर नर्मदा ओलांडून सनावद, खंडवा घेई आणि पुढे अकोल्यास पोहोचवी. अकोल्याहून मोठ्या रुळांची गाडी मूर्तिजापूरपर्यंत, आणि तेथून ‘शकुंतला’ म्हणून प्रसिद्ध असलेली अरुंद रुळांची गाडी थेट कारंजास. तीन गाड्या, तीन रुंदीचे रूळ, आणि सोबत आम्ही पाच भावंडे. आज शकुंतला बंद आहे, आणि घाटातील मीटरगेजही रुंदीकरणासाठी बंद झाली. पाताळपाणी ते कालाकुंड एवढ्या टप्प्यावर २०१८ साली वारसा गाडी सुरू झाली, म्हणून नव्या पिढीस निदान तो घाट पाहावयास मिळाला.

या प्रवासात आमच्या आईपुढे एक अडचण असे. आमच्या घरी सूर्यास्तानंतर अन्न वर्ज्य. गाडी कोणतीही असो, वाटेत सूर्यास्त व्हावयाचाच. दिवे लागले, की समोरच्या बाकावरील प्रवासी आपापले डबे उघडीत आणि आम्हां मुलांच्या पोटात कावळे ओरडू लागत. अशा वेळी थोरले बंधू, ज्यांना आम्ही दादा म्हणतो, खेळ सुरू करीत. ते आमच्याहून सहा वर्षांनी मोठे. स्टेशनची पाटी हीच त्यांची पाटी.

कालाकुंड स्टेशन तेथील कलाकंदासाठी प्रसिद्ध. दादा म्हणत, ‘रेल्वेने पाटी चुकीची रंगविली, मिठाईचेच नाव खरे.’ सनावद आले, की ते अक्षरे फिरवून ‘वदनास’ करीत आणि म्हणत, ‘सकाळी जे वदनास मिळेल त्याची यादी करा.’ मग पाचही भावंडे सकाळच्या न्याहारीचे पदार्थ आठवीत झोपी जात. कारंजा या नावाची अक्षरे मागेपुढे केली, की वऱ्हाडी वळणाचे ‘जा का रं!’ होते, परत निघताना आजीच्या डोळ्यांत पाणी आले, की दादा तेच शब्द म्हणून तिला हसवीत. जालना तर न फिरवताच हसते: ‘जाल ना?’

त्यांचा सर्वांत चांगला विनोद आमच्या घराच्या पत्त्यावर होता. आमची मीटरगेज अकोल्याच्या पुढे पूर्णा जंक्शनकडे जाई. एकदा धाकटी बहीण भुकेने रडावयास लागली, तेव्हा दादा तिला म्हणाले, ‘अग, आपण अन्नपूर्णेहून निघालो. सूर्य मावळला म्हणून अन्न काढून ठेवले. मग काय उरली? पूर्णाच ना? म्हणजे आपले काही कमी झालेले नाही.’ बहीण किती समजली ठाऊक नाही. परंतु ती रडावयाची थांबली. वडिलांनी मात्र ते वाक्य पुढे अनेक वर्षे नातलगांस सांगितले.

दादांनीच आम्हांस च-भाषा शिकविली. ती अनेक मराठी घरांत मुले बोलतात. शब्दाचे पहिले अक्षर उचलून शेवटी टाकावयाचे, आणि शब्दाच्या पुढे ‘च’ लावावयाचा. ‘तुला’ चे होते ‘चलातु’, ‘कारंजा’ चे ‘चरंजाका’. वडीलधाऱ्यांस न कळता लाडवांच्या डब्याविषयी मसलत करण्यास ही भाषा फार उपयोगी. ही भाषा वाचकांनी लक्षात ठेवावी, अशी विनंती आहे. तिचे पुढे काम आहे.

गादीवरील अक्षरे

हा केवळ मुलांचा खेळ असे कोणी समजू नये. व्यापाऱ्याच्या जातीस अक्षरांच्या लपंडावाची सवय पिढ्यान्‌पिढ्यांची आहे. जुन्या मराठी व्यापाऱ्यांत नंदभाषा म्हणून एक सांकेतिक बोली होती. तिच्यात एकास ‘केवली’ आणि दोनास ‘अवारू’ म्हणत. मोल्सवर्थच्या कोशातही तिची नोंद आहे. समोरच्या गिऱ्हाइकास कळू न देता दोन दुकानदारांनी भाव ठरवावा, एवढाच तिचा हेतू. दलाल रुमालाखाली बोटे दाबून सौदा करीत, तीही बिनशब्दांची भाषाच.

परंतु अक्षर जागचे हलले, तर काय अनर्थ होतो हे सांगणारी एक गोष्ट आपल्या गाद्यांवर पूर्वापार चालत आली आहे. जुन्या महाजनी लिपीत काना-मात्रा लिहीत नसत. एका पेढीवरून गावी पत्र गेले, की ‘काका अजमेर गये’. गावी ते वाचले गेले, ‘काका आज मर गये’. घरात रडारड झाली, सुतक धरले, आणि चार दिवसांनी काका अजमेरहून कापसाचा सौदा करून परत आले. गोष्ट खरी असो वा रचलेली, तिने आमच्या वडिलांच्या पिढीस एक धडा दिला: धान्य तोलतो त्याच काळजीने अक्षर तोलावे.

एकाच शब्दाची तीन वजने कशी असतात, हेही आम्ही धंद्यातच शिकलो. दादर म्हणजे जिना. दादर म्हणजे मुंबईचे स्टेशन. आणि खानदेशात दादर म्हणजे रब्बीची ज्वारी. आम्ही नवखे असताना जळगावच्या एका व्यापाऱ्याने ‘दादर पाठवितो’ असे कळविले, तेव्हा आम्ही मुंबईहून कोण येणार याची वाट पाहत बसलो होतो. आली ती पोती.

पूर्वसूरींची अक्षरविद्या

या खेळाचे आपल्या परंपरेत केवढे थोर घराणे आहे, हे आम्हांस फार उशिरा कळले. एका चातुर्मासात प्रवचन ऐकताना उपाध्याय समयसुंदर यांचे नाव कानी पडले, आणि मग आम्ही जाणत्यांस विचारून माहिती मिळविली. इसवी सन १५९२ मध्ये अकबर बादशहा काश्मीरच्या स्वारीस निघाला असता लाहोर येथे या श्वेतांबर मुनींनी ‘अष्टलक्षी’ नावाचा ग्रंथ त्याच्यासमोर सादर केला. ‘राजे सुख देतात’ अशा अर्थाचे आठ अक्षरांचे एक साधे संस्कृत वाक्य घेऊन, त्याची अक्षरे निरनिराळ्या प्रकारे तोडून-जोडून त्यांनी त्याचे १०,२२,४०७ अर्थ सिद्ध केले. त्यांतून पुनरुक्ती आणि शंकास्पद अर्थ यांसाठी वजावट करून केवळ ८ लाखांचाच हक्क सांगितला, आणि ग्रंथास नावही तसेच दिले.

आम्ही गादीवर बसून हिशेब केला. वजावट शेकडा २१ हून अधिक पडते. एवढी घट ओल्या सोयाबीनलाही कोणी धरीत नाही! हाती असलेल्या मालापेक्षा कमी माल सांगणारा हा विद्वान आम्हां व्यापाऱ्यांस विशेष पूज्य वाटावा. प्रवासाच्या पहिल्या मुक्कामी राजास ऐकविण्यासाठी हा ग्रंथ निघाला, हेही आमच्या विषयास अनुकूलच आहे.

दिगंबर परंपरेतील कवी धनंजय यांनी त्याच्याही कित्येक शतके आधी ‘द्विसंधान’ काव्य रचले. त्यातील एकाच श्लोकातून रामाची कथाही निघते आणि पांडवांचीही. आणि आपल्या महाराष्ट्रातच, आज पाथरी म्हणून ओळखल्या जाणाऱ्या पार्थपुरात, सोळाव्या शतकात दैवज्ञ सूर्यकवी होऊन गेले. त्यांच्या विलोमकाव्यातील श्लोक सुलट वाचला तर रामाविषयी बोलतो आणि उलट वाचला तर कृष्णाविषयी. या थोर पुरुषांपुढे आमचे ‘सवा दे, देवास’ म्हणजे हत्तीपुढे मुंगी. परंतु मुंगीही त्याच वाटेने जात असते.

‘दरचा’

आता मूळ हकीकत. दोन वर्षांपूर्वी दादांना पक्षाघाताचा झटका आला. उजवा हात आणि उजवा पाय लुळा पडला, आणि वाचा गेली. काही आठवड्यांनी तोंडातून शब्द येऊ लागले. पण ते भलतेच असत, किंवा त्यांची अक्षरे जागचे सोडून आलेली असत. डॉक्टरांनी समजावून सांगितले, की यांना सर्व कळते. केवळ शब्द ओळीने बाहेर येत नाहीत, म्हणून यांच्याशी बोलत राहा.

आम्ही बोलत राहिलो नाही. हे लिहिताना लाज वाटते, परंतु वही खरी ठेवावयाची, तर हेही लिहिले पाहिजे. ज्या पुरुषाने चाळीस वर्षे मंडीत तोंडी हिशेबात कोणास हार दिली नाही, त्याने पाणी मागण्यासाठी धडपडावे, हे आम्हांस पाहवत नसे. आम्ही सकाळी त्यांच्या खोलीच्या दारात उभे राहून ‘बरे आहे ना?’ एवढे विचारीत असू आणि उत्तराची वाट न पाहता मंडीत जात असू. संध्याकाळीही तेच. दादांच्या नावाची खाती आम्ही आमच्या अक्षरांत लिहू लागलो. गिऱ्हाइकांस सांगू लागलो, की आता त्यांचे काही खरे नाही. घरात एक माणूस असूनही नसल्यासारखा झाला.

त्या वर्षी नाताळच्या सुट्टीत आमचा नातू बंगळुराहून आला. वय अकरा. इंग्रजी उत्तम, कन्नड बरी, मराठी घरात बोलण्यापुरती. आणि बाळबोध लिपी वाचावयाची म्हणजे बोट ठेवून. आमच्या कुटुंबाने त्यास दोन दिवसांत च-भाषा शिकविली होती आणि तो दिवसभर तीच बोलत होता.

इंदुरात थंडीची लाट होती. रात्री दादा अस्वस्थ झाले आणि ‘दरचा, दरचा’ असे म्हणू लागले. आम्हांस वाटले, जन्मभराची सवय. भावाची चौकशी करीत आहेत. आम्ही जवळ जाऊन मोठ्याने गव्हाचा दर सांगितला. त्यांनी मान हलविली. आम्ही डॉलर चण्याचा सांगितला, सोयाबीनचा सांगितला. ते डाव्या हाताने गादीवर मारू लागले. त्यांच्या डोळ्यांत पाणी आले. आम्ही हात टेकून उठलो.

नातू दाराशी उभा होता. तो म्हणाला, ‘आबा, मोठे आजोबा दर विचारत नाहीत. ते च-भाषा बोलताहेत, फक्त पुढचा च विसरलेत. दरचा म्हणजे चादर!’

चादर पायथ्याशी घसरून पडली होती. त्याने ती उचलून दादांच्या अंगावर घातली. दादा हसले. झटका आल्यापासून आम्ही त्यांस हसताना पाहिले नव्हते. खरे सांगावयाचे तर पाहावयास थांबलोच नव्हतो.

प्रत्येक वेळी असेच कोडे सुटे असे नाही. पुष्कळ शब्द ज्याचे त्यालाही कळत नसत. पण मुलाने हार मानली नाही. त्याच्या दृष्टीने तो आजार नव्हता, खेळ होता. त्याने जुन्या दिनदर्शिकेचे पुठ्ठे कापून अक्षरांचे तुकडे केले. त्यासाठी त्यास काना, मात्रा, वेलांटी नीट शिकावी लागली. दादा डाव्या हाताने तुकडे सरकवून त्याची चूक दाखवीत, आणि तो मोठ्याने वाचून त्यांना शब्द देई. कोण कोणास शिकवीत होते, हे आम्हांस अजूनही सांगता येत नाही. एका दुपारी आम्ही मंडीतून लवकर परतलो तेव्हा खाटेवर ‘रतलाम’ मांडलेले होते, आणि त्याखाली दादांनी तीच चार अक्षरे उलट लावली होती. नातू वाचत होता, ‘म, ला, त, र.’ एकदम थांबून तो ओरडला, ‘मला तर रतलाम!’ आम्ही बाहेरचे कपडे न काढताच त्या खाटेवर बसलो. त्या दिवसापासून रोज संध्याकाळी एक तास आमची तेथली बैठक ठरली आहे.

ऊन आणि बावनगजा

पुढील उन्हाळ्याच्या सुट्टीत नातू पुन्हा आला. डॉक्टरांच्या परवानगीने आम्ही दादांना मोटारीतून निमाडात नेले. खलघाटाला नर्मदा ओलांडली, जुलवानियाहून प्रथम ऊन गाठले. पावागिरी सिद्धक्षेत्र म्हणून आपल्यास ते वंद्य आहे. परमारांच्या काळातील जुनी मंदिरेही तेथे आहेत. नातू म्हणाला, ‘ऊनला ऊन फार आहे!’ हा विनोद तेथे जाणारा प्रत्येक मराठी माणूस करीत असावा. परंतु गावाच्या नावाची आख्यायिका निराळी आहे. एका राजाने शंभर मंदिरे बांधावयास घेतली. नव्याण्णव झाली, एक ऊन राहिले, म्हणजे उणे राहिले. म्हणून गाव ऊन. आम्ही मुलास दाखविले, की एकोणीस, एकोणतीस यांच्या पोटातही तेच ‘ऊन’ आहे: विसाला एक उणा, तिसाला एक उणा. दादा आपल्या लुळ्या उजव्या हाताकडे पाहून ‘ऊन’ म्हणाले. शब्द अगदी स्पष्ट आला. आम्हां सर्वांस क्षणभर काय बोलावे सुचेना. मग तेच आधी हसले.

दुसऱ्या दिवशी बडवानीहून बावनगजास गेलो. सातपुड्याच्या खडकात कोरलेली भगवान आदिनाथांची ती भव्य मूर्ती पाहिली, की बोलणे आपोआप थांबते. दर्शन झाल्यावर मुलाने विचारले, की नाव बावन गज आणि मूर्ती ८४ फूट, हे कसे? आम्ही भागाकार केला: एक गज १९ इंचांहून थोडाच अधिक निघाला. म्हणजे हा गज कापडवाल्यांचा नव्हे, हातभराचा असावा, एवढे आम्ही बोललो.

दादा गप्प होते. थोड्या वेळाने त्यांनी नातवाचा तळहात ओढून घेतला आणि त्यावर डाव्या तर्जनीने सावकाश आकडे काढले. जुने दलाल रुमालाखाली हात धरीत, तसा तो हात धरलेला होता. मुलाने वाचले, ‘एक, शून्य, शून्य, आठ.’ आम्हांस उमगेना. मग एकदम प्रकाश पडला. ८४ फुटांचे इंच किती? १००८. आणि आपण तीर्थंकरांच्या नावामागे कोणता आकडा लावतो? श्री १००८. मूर्ती घडविणाऱ्यांनी इंच मोजलेले नव्हते, हे उघड आहे; हा केवळ आकड्यांचा योग. परंतु तो योग आमच्यांपैकी कोणास दिसला नाही, आणि ज्यांचे ‘काही खरे नाही’ असे आम्ही मंडीत सांगत होतो, त्यांनी तो मनातल्या मनात गुणाकार करून दाखविला.

दादांची वाचा आजही पूर्ण परत आलेली नाही. कधी चार शब्द सरळ येतात, कधी एकही नाही. पण त्यांच्या नावाच्या खात्यावर आता त्यांची डाव्या हाताची सही असते, आणि भाव ठरविण्यापूर्वी आम्ही त्यांस विचारतो.

दोन शब्द विनंतीचे

आपली मुले परगावी आणि परदेशी गेली, हे योग्यच झाले. व्यापार जेथे तेथे व्यापारी जाणारच. परंतु नातवंडे आजी-आजोबांच्या लिपीत वाचू शकत नाहीत, ही तूट कोठल्याही ताळेबंदात दिसत नाही. उपदेशाने ती भरून येत नाही, हे आम्ही पुरते पाहिले आहे. प्रवासात भरून येते. सुट्टीत मुलांस घेऊन निघा, मोबाइल थोडा वेळ पिशवीत ठेवा, आणि पुढच्या पाटीवरचे नाव उलट वाचावयास सांगा. आणि घरात कोणी बोलण्यास अडखळत असेल, तर दारात उभे राहून चौकशी करू नका, जवळ बसा. कदाचित त्यांचे अक्षर केवळ मागेपुढे झाले असेल.

सभासदांच्या मुलांसाठी सहा कोडी देऊन हा लेख पुरा करतो.

१. कोणत्या सागराला बंदर नाही?
२. माळव्यातील कोणते गाव उलट वाचले, की पाहुण्याला निरोप देते?
३. माळव्याच्या कोणत्या मोठ्या मंडीची अक्षरे फिरविली, की गोष्ट मनातल्या मनातच राहते?
४. ओडिशातील कोणते शहर उलट-सुलट सारखेच आहे? (खंडगिरी-उदयगिरीच्या यात्रेस जाताना वाटेत पाहावे.)
५. कोणत्या गावाचे नाव हिंदीत तोडून वाचले, की डाळीच्या कारखानदाराची मागणी ऐकू येते?
६. दक्षिण महाराष्ट्रातील कोणते जंक्शन उलट वाचले, की अट घालू लागते?

उत्तरे: १. मध्य प्रदेशातील सागर. २. जावरा (‘राव, जा’). ३. नीमच (‘मनीच’). ४. कटक. ५. लातूर (‘ला, तूर!’). ६. मिरज (‘जर मी’).

याहून सरस कोडी ज्यांस सुचतील त्यांनी ती आमच्याकडे अवश्य पाठवावी. संध्याकाळच्या बैठकीत दादा ती सोडवितील. जय जिनेंद्र. भूलचूक देणे-घेणे.